कोरडा पोशाख, पण कुणाच्या मापाचा?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, मुलांची सहल नेली की पेंग्विनच्या काचेपाशी रांग अडते. बाहेर मुंबईचा उकाडा आणि काचेपलीकडे सोळा-अठरा अंश सेल्सियस. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन येथे आणले गेले आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहायला मिळू लागले. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्याजवळून वाहणाऱ्या थंड हम्बोल्ट प्रवाहात हे पक्षी राहतात. पेंग्विनने पाण्यात सूर मारला की वर्गातले कोणीतरी विचारतेच, "बाई, याला थंडी नाही वाजत?"

"त्याच्या अंगावर कोट आहे ना!" असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. हे उत्तर चूक नाही. मात्र तो कोट कशाचा, तो नेमके काय करतो आणि तसा कोट माणसाला शिवायचा झाला तर काय अडचणी येतात, याचा विचार केला तर उष्णतावहनापासून बॉइलच्या नियमापर्यंत बरेच विज्ञान हाती लागते. या लेखात आपण माणसाच्या अशाच एका कोटाची, ड्रायसूटची, ओळख करून घेणार आहोत. ज्याच्या मापाचा तो बाजारात मिळत नाही, त्याने काय करायचे हा आपला मुख्य प्रश्न आहे.

हवेची गोधडी

पेंग्विनची पिसे आखूड, ताठ आणि दाट असतात. त्यांची टोके कौलांसारखी एकमेकांवर बसतात. शेपटीजवळच्या ग्रंथीतले तेल पक्षी चोचीने त्यांना चोपडत असतो. या पिसांच्या बुडाशी मऊ लव असते आणि तिच्यात हवा अडकून राहते. पेंग्विनला ऊब मिळते ती मुख्यतः या अडकलेल्या हवेमुळे. पाणी हवेच्या मानाने वीस-पंचवीस पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून २० अंशांच्या हवेत आपण मजेत बसतो, पण २० अंशांच्या पाण्यात तासाभरात कुडकुडू लागतो. अंगाला पाण्याऐवजी हवा लागून राहील अशी व्यवस्था करणे, हीच यावरची युक्ती आहे. आजीची गोधडी हेच करते, फक्त ती भिजली की निकामी होते.

पिसे झडण्याच्या काळात पेंग्विनचे काय होते, ते पाहा. त्याची जुनी पिसे दोन-तीन आठवड्यांत सगळी एकदमच झडतात आणि नवी येतात. तेवढे दिवस तो पाण्यात उतरत नाही, जमिनीवरच उपाशी थांबतो. कोट फाटका असताना पाण्यात जाणे म्हणजे मरण.

अमेरिकेत सान फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये पिएर नावाच्या सुमारे पंचवीस वर्षांच्या आफ्रिकी पेंग्विनवर हीच वेळ आली. त्याची पिसे गळली ती परत येईनात. तो कुडकुडू लागला आणि पाणी टाळू लागला. २००८ साली तेथील लोकांनी पाणबुड्यांचे कपडे करणाऱ्या एका कंपनीकडून त्याच्यासाठी निओप्रीनचा अंगरखा शिवून घेतला. पेंग्विनच्या मापाचा तक्ता कुणाकडे असणार? मग कर्मचारी त्याच्या मागेमागे चालत, कुठे फट राहते ते पाहत, कापत आणि पुन्हा बसवत. असे करता करता अंगरखा नीट बसला, पिएर पुन्हा पोहू लागला, त्याचे वजन वाढले आणि काही आठवड्यांत त्याची पिसेही परत आली.

आपल्या नेहमीच्या शिंप्याने केले असते तेच या शास्त्रज्ञांनी केले: कपडा अंगावर चढवून पाहिला आणि तो अल्टर केला.

ओला पोशाख आणि कोरडा पोशाख

पिएरला मिळाला तो 'वेटसूट' या जातीचा होता. निओप्रीन म्हणजे बारीक बारीक बुडबुड्यांनी भरलेले रबर. माणसाच्या वेटसूटमध्ये थोडे पाणी शिरते. अंग आणि रबर यांच्यामध्ये त्याचा पातळ थर राहतो आणि तो अंगाच्या उबेने तापतो. ही युक्ती साधायची तर पोशाख सगळीकडे घट्ट बसावा लागतो. सैल राहिला तर तापलेले पाणी निघून जाते आणि गार पाणी आत येते.

'ड्रायसूट'मध्ये पाणी मुळीच शिरू द्यायचे नसते. आत लोकरीचे किंवा तशाच फुगीर कापडाचे कपडे घालायचे आणि वरून पाणी न झिरपणारी खोळ चढवायची. या खोळीचे कापड बहुधा तीन पदरी असते. बाहेरून नायलॉन, आतून पॉलिएस्टर आणि मध्ये ब्युटिल रबराचा पापुद्रा. दोन कापडांमध्ये रबर घालण्याची ही कल्पना जुनी आहे. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली याच तत्त्वावर पावसाळी कोटाचे कापड केले होते. पाठीवर किंवा छातीवर तिरकी जलरोधक चेन, मनगटांवर आणि गळ्याभोवती रबराच्या पट्ट्या, छातीवर हवा आत घेण्याची झडप आणि दंडावर हवा बाहेर सोडण्याची झडप, असा हा सगळा सरंजाम असतो.

हा पोशाख आपल्या किनाऱ्यावर कुणी घालत नाही. मालवणजवळच्या समुद्रात बुडी मारणाऱ्याला त्याची गरजच नसते, तेथील पाणी उबदार असते. पण येथला एखादा विद्यार्थी समुद्री जीवशास्त्र शिकायला स्कॉटलंडला किंवा नॉर्वेला गेला, तर तेथे पाच-सात अंशांच्या पाण्यात ड्रायसूटशिवाय काम होत नाही. नवा सूट साधारण लाख-दोन लाखांच्या घरात जातो आणि अंगावर माप घेऊन शिवलेला त्याहून महाग पडतो. म्हणून विद्यार्थी वापरलेला सूट घेतात. तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाचा असतो. त्यातून बहुतेक सूट युरोप-अमेरिकेतल्या तक्त्यांवरून बेतलेले. उंची चार फूट दहा इंच असलेल्या मुलीला, अंगाने फार रुंद आणि पायांनी आखूड असलेल्या माणसाला किंवा साडेसहा फुटी मुलाला त्या तक्त्यात जागा नसते.

सैल असला तर काय बिघडले?

"सैल तर सैल, आत गरम कपडे घालू" असे वाटणे स्वाभाविक आहे. थोडे गणित करून पाहू.

समजा, एकाच्या धडाचा घेर १०० सेंटिमीटर आहे आणि सूटचा घेर ११० सेंटिमीटर. धडाची उंची ६० सेंटिमीटर धरू आणि धड वर्तुळाकार नळकांड्यासारखे आहे असे मानू. घेर दिला असता वर्तुळाचे क्षेत्रफळ काढायचे सूत्र म्हणजे घेराचा वर्ग भागिले ४π. म्हणजे एक क्षेत्रफळ सुमारे ७९६ चौरस सेंटिमीटर आणि दुसरे ९६३. फरक १६७. त्याला ६० ने गुणले की सुमारे १०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे १० लिटर होतात. ही सगळी जागा हवेने भरली तर आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाणी त्या माणसाला १० किलो वजनाइतक्या बलाने वर ढकलेल. घेरात केवळ चार इंचांची चूक आणि तिचा परिणाम एवढा!

येथे बॉइलचा नियम येतो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे सूटमध्ये १० लिटर हवा असेल तर वर येईपर्यंत ती २० लिटर होऊ पाहते. हवा फुगते तसा माणूस वेगाने वर येतो आणि वर येतो तशी हवा आणखी फुगते. हे चक्र वेळीच थांबले नाही तर फुप्फुसांना इजा होऊ शकते आणि रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. पाय ढगळ असतील तर आणखी एक संकट. माणूस जरा आडवा झाला की हवा पावलांकडे धावते, पाय वर आणि डोके खाली अशी अवस्था होते. हवा सोडण्याची झडप दंडावर असल्याने ती तेव्हा उपयोगी पडत नाही.

घट्ट सूटचे त्रास वेगळे असतात. हात छातीवरून पलीकडे नेता येत नाही, त्यामुळे झडपेपर्यंत बोटे पोचत नाहीत. आतल्या लोकरीतली हवा चेपून जाते आणि ऊब कमी होते. धडाची लांबी कमी पडली तर वाकताना गळ्याची पट्टी ओढली जाते आणि पाणी आत येते.

म्हणजे आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही: वेटसूट सगळ्या अंगाला बसावा लागतो. ड्रायसूटला मात्र अगदी काटेकोर बसण्याची गरज मोजक्याच ठिकाणी असते. ती म्हणजे गळा आणि दोन मनगटे. खांद्यापासून दोन पायांच्या जोडापर्यंतची लांबी आणि पायांचा ढगळपणा या दोन बाबी त्यानंतर. बाकी ठिकाणी बरीच मोकळीक असते. म्हणूनच दुसऱ्याचा सूट थोड्या खर्चात आपला करता येतो.

वर्गात करून पाहा

यासाठी एक बादली, न फाटलेली लांब प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरे.

हात पिशवीत घालून कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. पिशवीचे तोंड पाण्याबाहेर ठेवा. पिशवी हाताला चिकटते, पण हात कोरडाच राहतो. बोटांशी ती जास्त घट्ट बसते आणि वर सैल असते, हे मुलांना दाखवा. खोलीबरोबर दाब वाढतो, त्याचा हा हातावर आलेला अनुभव. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पावलांवर मानेपेक्षा सुमारे दीड मीटर पाण्याचा अधिक दाब असतो. म्हणून त्याच्या सूटमधली हवा खांद्यांकडे जमते आणि पायांना कापड चिकटते.

आता पिशवीचे तोंड मनगटावर रबरबँडने बांधा आणि मनगट पूर्ण बुडवा. मग मूठ आवळा, सोडा, पुन्हा आवळा. बहुतेकांच्या पिशवीत थोडे पाणी शिरेल. का? अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित वाकवा. पुष्कळांच्या मनगटावर मधोमध दोरीसारखी शीर उठून दिसेल. ती रक्तवाहिनी नाही, तो स्नायूचा कंडरा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पन्हाळी तयार होतात आणि पाणी त्यातून वाट काढते. बारीक मनगटांवर हे कंडरे अधिक उठून दिसतात. मग लहान चणीच्या माणसाचा सूट मनगटातून गळला तर नवल नाही. अशा मनगटाला अरुंद पट्टी आवळून उपयोग नसतो. रुंद, मऊ पट्टी हाताच्या वरच्या, गुळगुळीत भागापर्यंत टेकवावी लागते.

आधी स्वस्त, मग महाग

अल्टर करण्याचे काम पायरीपायरीने करावे.

पहिली पायरी गळ्याची आणि मनगटांची. या पट्ट्या बहुधा रबराच्या चिकापासून केलेल्या असतात. त्यांचा आकार निमुळता, शंकूसारखा असतो आणि त्यांवर समांतर वलये असतात. घट्ट वाटली तर टोकाकडून एकेक वलय कापायचे, घालून पाहायचे आणि गरज असेल तरच पुढचे कापायचे. एकदा जास्त कापले की परत जोडता येत नाही. कात्री धारदार हवी आणि काप सलग हवा. कापडाचा दुकानदार काठाला कात्रीने बारीक खाच पाडतो आणि मग कापड टर्रकन फाडतो, ते आठवा. ताण खाचेच्या टोकाशी एकवटतो. रबराच्या काठावर अशी खाच राहिली तर ऐन वेळी पट्टी फाटेल.

गळ्याच्या बाबतीत अधिक जपावे लागते. मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या आहेत आणि तेथे रक्तदाब जाणणारी चेतातंतूंची टोके आहेत. बाहेरून दाब पडला की रक्तदाब वाढला आहे असा शरीराचा गैरसमज होतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि भोवळ येते. जमिनीवर भोवळ येणे आणि पाण्याखाली भोवळ येणे यात फार अंतर आहे. पट्टी मुळातच फार मोठी किंवा फार लहान असेल तर ती बदलून योग्य मापाची लावणे बरे. हा खर्च काही हजारांचा असतो, सूटच्या किमतीच्या मानाने थोडाच.

दुसऱ्या पायरीला कात्री लागतच नाही. पाय ढगळ असतील तर पोटऱ्यांवर पट्टे बांधावेत, म्हणजे हवेला तेथे जागा उरत नाही. धड लांब असेल तर आतून गॅलिस लावून पाटलोण वर उचलून धरावी. आतले कपडे कमी-जास्त जाड घेऊनही घेराचा थोडा फरक भरून निघतो.

तिसरी पायरी लांबी कमी करण्याची. येथे शिंप्याचा जुना धडा उपयोगी पडतो. कापून लहान करणे सोपे, वाढवणे कठीण. शाळेचा गणवेश शिवताना शिंपी शिवणीत माया ठेवतो, म्हणून पुढच्या वर्षी ती उसवून घेर वाढवता येतो. ड्रायसूटच्या शिवणीत अशी माया नसते. तेव्हा वापरलेला सूट निवडताना अंगाच्या सर्वांत मोठ्या घेराला जो बसेल तो घ्यावा आणि लांबी मग कमी करावी. रुंद आणि बुटक्या माणसाने हेच करावे.

पाय कमी करायचा तर तो मोज्याच्या वर, पोटरीखाली कापतात. पण पाय निमुळता असतो हे विसरू नये. समजा, गुडघ्याशी घेर ५० सेंटिमीटर, घोट्याशी ४० आणि मधली लांबी ४० सेंटिमीटर आहे. म्हणजे दर सेंटिमीटरला घेर पाव सेंटिमीटरने कमी होतो. मधून ८ सेंटिमीटरचे कडे काढले तर वरच्या आणि खालच्या काठांच्या घेरात २ सेंटिमीटरचा फरक पडेल. वरचा भाग तेवढा आत घेतल्याशिवाय जोड सपाट बसणार नाही आणि सपाट न बसलेला जोड गळणारच. छिन्नशंकू शिकवताना हे उदाहरण फळ्यावर घेता येईल.

चौथी पायरी घेर किंवा धडाची लांबी वाढवण्याची. त्यासाठी बाजूची शिवण उघडून काखेपासून मांडीपर्यंत नव्या कापडाची पट्टी घालावी लागते. कळीदार कुर्त्यात कळी घालतात तसेच हे. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटरची पट्टी घातली की घेर दहा सेंटिमीटरने वाढतो. काम सोपे वाटते, पण अडचण सुईची आहे. सुईचे प्रत्येक टोचणे म्हणजे एक भोक. प्लास्टिकच्या दोन तुकड्यांना शिवण मारून त्यात पाणी ओता, टाक्याटाक्यातून थेंब येताना दिसतील. म्हणून शिवणीवर आतून जलरोधक फीत चिकटवतात. २०२० साली करोनाच्या साथीत डॉक्टर-परिचारिकांच्या पोशाखांच्या शिवणीवरून गेलेली रुंद पट्टी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे काम हेच होते.

पंक्चरवाल्याची विद्या

चिकटवण्याचे तत्त्व रस्त्याच्या कडेच्या पंक्चरवाल्याकडून शिकावे. तो ट्यूब आधी खरखरीत घासतो, कारण त्यामुळे चिकटण्याचे क्षेत्रफळ वाढते आणि वरचा मळ निघतो. मग दोन्ही बाजूंना सोल्युशनचा पातळ हात देतो आणि लगेच चिकटवत नाही, थांबतो. सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. द्रावक उडून जाईपर्यंत जोड पक्का होत नाही. मग दाबून बसवतो. ड्रायसूटला वेगळ्या प्रकारचा डिंक लागतो, पण क्रम हाच. पातळ थर दोन-तीनदा द्यायचे आणि घाई करायची नाही. या डिंकांची वाफ पेट घेते आणि डोके दुखवते, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे.

गळती शोधण्याची रीतही तीच. मनगटांच्या पट्ट्यांत बाटल्या आणि गळ्यात डबा किंवा चेंडू बसवून तोंडे बंद करायची, सूटमध्ये हवा भरायची आणि शिवणींवर साबणाचे पाणी लावायचे. जेथे फुगे येतील तेथे खूण करायची. ही परीक्षा पास होईपर्यंत त्या सूटमध्ये पाण्यात उतरायचे नाही. त्यानंतरही पहिली उतरणी उथळ पाण्यात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली.

जेथे कात्री लावायची नाही

जलरोधक चेन हा सूटचा महागडा आणि नाजूक भाग. ती कापून लहान करता येत नाही, म्हणून तिच्याजवळून पट्टी नेऊ नये. झडपांभोवतीचे कापडही तसेच सोडावे.

आणखी एका सूटला तर मुळीच हात लावू नये. भायखळ्याच्या पूर्वेला माझगाव आणि पुढे गोद्या. या भागातल्या कितीतरी घरांतली माणसे बोटीवर नोकरीला गेली. मालवाहू जहाजांवर खलाशांसाठी 'इमर्शन सूट' ठेवलेले असतात. जहाज सोडायची वेळ आली तर अंगावर चढवायचा हा एक प्रकारचा ड्रायसूटच. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो दुसऱ्याच्या मदतीशिवाय २ मिनिटांत घालता आला पाहिजे. उष्णतारोधक प्रकारच्या सूटमध्ये शून्य ते दोन अंशांच्या पाण्यात ६ तास राहिले तरी शरीराचे आतले तापमान २ अंशांहून जास्त उतरता कामा नये. या कसोट्या त्या सूटने जशाच्या तशा स्थितीत पार केलेल्या असतात. त्याला कात्री लावली की त्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. असे सूट बहुधा 'सर्वांना चालेल' अशा एकाच मापाचे असतात, पण लहान आणि फार मोठी मापेही तयार होतात. ज्याला तो बसत नाही त्याने सरावाच्या वेळी तो अंगावर चढवून, पट्टे आवळून पाहावा आणि तरीही बसला नाही तर योग्य माप मागून घ्यावे. संकोचाने गप्प बसू नये. गार पाण्यात संकोचाची किंमत फार मोठी पडते.

चूक मापाची

मार्च २०१९ मध्ये अ‍ॅन मॅक्लेन आणि क्रिस्टिना कोक या दोन अंतराळवीर स्त्रिया मिळून अंतराळ स्थानकाबाहेर काम करणार होत्या. दोघींनाही मध्यम मापाचा धडाचा भाग हवा होता आणि वापरायला तयार असा एकच होता. मॅक्लेन यांच्या जागी पुरुष सहकारी गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोक आणि जेसिका मीर या दोघी एकत्र बाहेर पडल्या. एवढ्या मोठ्या संस्थेचेही काम मापापाशी अडले, आणि त्यात त्या स्त्रियांच्या अंगाचा काहीच दोष नव्हता.

आपल्या वर्गातही गणवेश न बसणारे, बाकात न मावणारे किंवा बाकावरून पाय न टेकणारे एखादे मूल असते. पेंग्विनच्या काचेपाशी पुन्हा जाल तेव्हा मुलांना पिएरची गोष्ट सांगा. मग वर्गात एक काम द्या. प्रत्येकाने आपला छातीचा घेर, मनगटाचा घेर, उंची आणि खांद्यापासून बैठकीपर्यंतची लांबी मोजावी. चारही मापांची वर्गाची सरासरी काढावी. या चारही सरासरीत तंतोतंत बसणारे मूल वर्गात किती आहेत, ते मुलांनाच शोधू द्या.